युद्धकाळात जखमी जवानांची शुश्रूषा : कोकणातील परिचारिकांसाठी नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचे मॉक ड्रिल झाले. त्यासाठीच्या यादीत उरण आणि तारापूरसह रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांचाही समावेश होता, आणि तेव्हापासून जखमी जवानांच्या सेवेसाठी नाव कोठे नोंदवावे, अशी विचारणा किनारपट्टीवरील अनेक परिचारिका करू लागल्या. युद्ध पेटल्यावर लष्करी रुग्णालयाच्या दारात जाऊन थेट सेवेस रुजू होण्याची सोय नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. शांततेच्या काळातच मान्यताप्राप्त संस्थेच्या पटावर नाव असावे लागते.

ही अट केवळ सरकारी शिस्तीपोटी आलेली नाही. युद्धातील जखमी व आजारी सैनिकांच्या संरक्षणासाठी झालेल्या 1949 च्या पहिल्या जिनिव्हा करारातील 26 व्या कलमानुसार, शासनाने मान्यता दिलेल्या रेड क्रॉससारख्या संस्थेचे कर्मचारी सैन्याच्या वैद्यकीय कामावर असतील आणि लष्करी कायद्याच्या अधीन असतील, तरच त्यांना सैन्याच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांइतके संरक्षण मिळते. 40 व्या कलमात तर त्यांच्या ओळखीचा तपशीलही दिलेला आहे. डाव्या दंडावर पाण्याने खराब न होणारी, लष्करी अधिकाऱ्याचा शिक्का असलेली फीत बांधावी लागते आणि खिशात मावेल असे ओळखपत्र जवळ ठेवावे लागते, ज्यावर नाव, जन्मतारीख, छायाचित्र, सही किंवा अंगठ्याचा ठसा आणि कोणत्या नात्याने संरक्षण मिळते याची नोंद असते. अशी फीत घरी शिवून चालत नाही. उत्साहाच्या भरात गाडीवर किंवा फाटकावर लाल क्रॉस रंगवणेही टाळावे, कारण जिनिव्हा करार अधिनियम, 1960 नुसार परवानगीशिवाय या चिन्हाचा वापर केल्यास 500 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम किरकोळ आहे. रणांगणावर त्या चिन्हाचा विश्वास उडाला तर होणारे नुकसान मात्र किरकोळ नसते.

स्वयंसेवक म्हणून जाण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग नागरी संरक्षण दलाचा. नागरी संरक्षण अधिनियम, 1968 खालील विनियमांनुसार भारतीय नागरिकत्व, पूर्ण 18 वर्षे वय आणि किमान चौथी उत्तीर्ण एवढीच पात्रता लागते, त्यामुळे परिचारिकेला अपात्र ठरण्याची भीती नाही. अर्ज करताना जखमींची देखभाल करणाऱ्या शाखेची पसंती न विसरता लिहावी, अन्यथा अनुभवी परिचारिकेचे नावही सर्वसाधारण यादीत जाऊन बसते. मे 2025 मध्ये केंद्राच्या ‘माय भारत’ पोर्टलवरूनही अशा स्वयंसेवकांच्या नोंदणीचे आवाहन करण्यात आले होते. दुसरा मार्ग भारतीय रेड क्रॉस सोसायटीच्या जिल्हा शाखेचा. ही संस्था 1920 च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. दोन्ही ठिकाणचे काम मानसेवी असते आणि ते बहुतांशी पिछाडीचे, म्हणजे रक्तदान, प्रथमोपचार व नागरी रुग्णालयांतील वाढीव खाटांची व्यवस्था, अशा स्वरूपाचे असते, याची कल्पना घरच्यांनाही द्यावी.

अर्ज खरा अडतो तो कागदपत्रांपाशी. आधार कार्ड, जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, जीएनएम, एएनएम किंवा बीएससी नर्सिंगचे प्रमाणपत्र, महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे चालू नोंदणीपत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, पोलीस पडताळणी आणि छायाचित्रे यांचा संच तयार ठेवावा. नोकरीत असल्यास संस्थेचे ना-हरकत पत्रही जोडावे. परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि लग्नानंतर काही वर्षे घरी राहिलेल्या परिचारिकांचे नोंदणीपत्र नेमके येथेच मुदतबाह्य झालेले आढळते. ते आधी नूतनीकृत करून घ्यावे. एवढ्या कामासाठी युद्धाची वाट पाहू नये.

दुसरी अडचण नावाची. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि नोंदणीपत्रावर तिसरेच, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणीचा दाखला घ्यावा आणि नाव बदललेले असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत सोबत जोडावी. चाकरमानी कुटुंबांत शिधापत्रिका गावची आणि आधार विरार-डोंबिवलीचे असते. अशा वेळी नोंदणी गावाकडे करायची की शहरात, हे आधी ठरवून पत्त्याचे सर्व पुरावे एकाच जिल्ह्याचे करावेत, कारण स्वयंसेवकाला बोलावणे जिल्ह्यातूनच येते. अधिवास दाखल्यासाठी ‘आपले सरकार’ पोर्टल किंवा तालुक्याचे सेतू केंद्र आहे.

ज्यांना जवानांची शुश्रूषा हेच आयुष्यभराचे काम करायचे आहे, त्यांनी स्वयंसेवेऐवजी सैन्य परिचर्या सेवेचा विचार करावा. 1888 मध्ये मुंबईत उतरलेल्या ब्रिटिश परिचारिकांच्या पहिल्या तुकडीपासून या सेवेची परंपरा सांगितली जाते. तिच्या चार वर्षांच्या बीएससी नर्सिंग अभ्यासक्रमासाठी मुलीने बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन पहिल्याच प्रयत्नात किमान 50 टक्के गुण मिळवलेले असावेत, ती अविवाहित असावी आणि तिने त्या वर्षीची नीट परीक्षा दिलेली असावी; घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा असून कौटुंबिक जबाबदारी नसलेल्या उमेदवारांनाही अर्ज करता येतो. नीटचा निकाल लागल्यावर भारतीय सैन्याच्या भरती संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो. केवळ नीट दिली म्हणजे अर्ज झाला, या समजुतीत दरवर्षी मुली राहून जातात. पुढे लेखी चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे असतात. कोकणातील मुलींना जवळची महाविद्यालये म्हणजे मुंबईच्या कुलाब्यातील आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयाचे आणि पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाचे (एएफएमसी). प्रवेशाबरोबर सेवेचा बंधपत्र करार करावा लागतो, तो पालकांनी सहीपूर्वी शब्दन् शब्द वाचावा.

ही सेवा महिलांसाठीच असल्याने मुलांना सैन्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून जाता येते. त्यासाठी रत्नागिरी व सिंधुदुर्गातील उमेदवारांचे भरती कार्यालय कोल्हापूरला आहे.