गाजरगवत : खानदेशातील घर, परस आणि मोकळे प्लॉट

सूर्यफुलाच्या कुळातील एक वर्षायू तण. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पाने गाजराच्या पानांसारखी कातरलेली, म्हणून गाजरगवत. काँग्रेस गवत आणि चटक चांदणी ही नावेही चालतात. नावात गवत असले तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते गवत नव्हे. मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले. भारतातील प्रसाराची पहिली ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात झाली. अमेरिकेच्या पीएल ४८० या अन्नधान्य-मदतीच्या योजनेतल्या गव्हाबरोबर ते आले, असे घरोघरी सांगितले जाते. पण त्या योजनेखाली भारताचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि भारतातले एकोणिसाव्या शतकातले नमुनेही सापडले आहेत. तेव्हा गव्हाने ते आणले म्हणण्यापेक्षा पसरवले म्हणणे बरे.

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत हे तण कपाशीच्या बांधावर आणि केळीच्या पाटाकाठी दिसतेच. या नोंदीचा विषय मात्र घराच्या उंबरठ्यापाशी आलेले गाजरगवत हा आहे. उन्हाळ्यात तापमान ४४-४५ अंशांवर जाते, तेव्हा कोरड्या जागेतली झाडे वाळून जातात आणि गेले एकदाचे असे वाटते. बी मात्र जमिनीत असते. मृगाच्या सरीनंतर दहा-पंधरा दिवसांत अंगणाच्या कडेने कोथिंबिरीसारखे दिसणारे चट्टे उठतात. सांडपाण्याची गटार, नळाचा ओटा, गोठ्यामागचा उकिरडा अशा ओल्या जागी तर ते बारा महिने हिरवे राहते. उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात फुलावर येते. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरू शकतात. बी मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे आणि हलके. ते वाऱ्याने थोडे जाते. पाण्याने, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलाने, शेणखताने आणि भरावाच्या मुरुमाने पुष्कळ जाते. नव्या घराभोवती पहिल्याच पावसाळ्यात गाजरगवत माजले, तर आधी भराव कुठून आणला ते आठवावे.

जुन्या धाब्याच्या घरांची अडचण वेगळी. छतावरच्या मातीत पावसाळ्यात काहीबाही उगवतेच, त्यात हेही असते. ते वेळेवर उपटले नाही तर मुळांच्या वाटेने पाणी झिरपते. आणि वाळल्यावर उपटले तर मातीचे ढेकूळ घेऊन येते.

पार्थेनिन नावाचे द्रव्य या झाडात असते. त्याच्या सततच्या संपर्काने त्वचेला खाज, पुरळ, पुढे जाड चट्टे येतात: पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या खळगीत. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो. अनेकांना पहिली काही वर्षे काहीच होत नाही, मग एके दिवशी अंगावर उठते. म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणत उघड्या हातांनी उपटणाऱ्याकडे पाहून शिकू नये. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. चाऱ्यातून पोटात गेले तर दुधाला कडवटपणा येतो.

काढण्याची वेळ एकच : पाऊस पडून जमीन ओली असताना आणि पांढरी फुले दिसण्याआधी. काळी माती ओली असली की सोटमूळ अख्खे निघते. भेगाळल्यावर ते वरच तुटते आणि बुडखा पुन्हा फुटतो. विळ्याने नुसते कापणे त्यामुळे फुकट. निंदणीला जाणाऱ्या बाया तोंडाला रुमाल आणि अंगात जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तेच घरीही करावे. हातांत मोजे, नसतील तर पिशव्या. फुले न आलेली झाडे खड्ड्यात शेणाबरोबर कुजवून खत होते. फुलावर आलेली उकिरड्यात टाकणे म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी.

मिठाचे पंधरा-वीस टक्क्यांचे द्रावण फवारले की झाड करपते, हे खरे. पण भिंतीलगत तो उपाय करू नये. माती खारते आणि भिंतीला लोणा लागतो. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारा आदेश केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढला, तेव्हा घरमालकाने स्वतः पंप पाठीवर घेण्याचा प्रश्न उरत नाही. जाळण्याचा मोह कडब्याची गंजी शेजारी असताना तरी आवरावा.

या तणाच्या बंदोबस्तासाठी १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडलेला मेक्सिकन भुंगा आता देशात पुष्कळ ठिकाणी रुळला आहे. पांढुरक्या पाठीवर गडद रेघा असलेला हा किडा आणि त्याच्या अळ्या पावसाळ्यात पाने खाऊन झाडाचा खराटा करतात. थंडी-उन्हाळ्यात तो मातीत निजतो. ज्या प्लॉटवर तो दिसेल तिथे फवारणी नको. घाईच्या माणसाला मात्र त्याची चाल मंद वाटेल. त्यापेक्षा मोकळ्या जागेत पावसाआधी तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकून ठेवणे सोपे. तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच.

खरी अडचण कुंपणापलीकडची. शहरांच्या कडेला शेतजमीन एन. ए. (बिगरशेती) करून पाडलेले प्लॉट वर्षानुवर्षे रिकामे असतात. मालक सुरतेला किंवा पुण्याला. आपले अंगण कितीही निंदले तरी दर पावसाळ्यात बी तिथूनच येते. इंग्लंड-वेल्समध्ये जपानी नॉटवीड या तणाबद्दल घर विकणाऱ्याला छापील प्रश्नपत्रिकेत विचारले जाते. तिथला धोका निराळा : त्याची जमिनीखालची खोडे पसरतात, आणि गृहकर्ज देणारा बिचकतो. आपल्याकडे खरेदीखतात गाजरगवताचा रकाना नाही. त्यामुळे लगतच्या चार-पाच घरांनी वर्गणी काढून फुले येण्याआधी दोन मजूर लावणे, आणि प्लॉटमालकाला फोटो पाठवून त्याचा वाटा मागणे, हाच चालत आलेला मार्ग. एका साली काम भागत नाही. मातीत पुरलेले बी काही वर्षे जिवंत राहते, म्हणून लागोपाठ तीन-चार पावसाळे तरी ती वर्गणी निघावी लागते.