नाक मोकळे झाल्याचा भास आणि निलगिरीचे थेंब

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत पावसाची झड लागली, की घरोघरी पडशाबरोबर निलगिरी तेलाची लहान बाटलीही कपाटातून बाहेर येते. ही बाटली बहुधा कोणीतरी उटीच्या सहलीहून आणलेली असते. तिच्यावरचा मजकूर मराठीत नसतो, आणि 'नीलगिरी' एवढी अक्षरे ओळखली, की खालचे बारीक अक्षर वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकू नातवाच्या वाफाऱ्यासाठी पातेल्यात चक्क झाकणभर तेल ओतत होत्या. मी हटकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन थेंबांनी नाक एवढं सुटतं, तर झाकणभर घातल्यावर किती सुटेल!" हा हिशेब वरवर बिनतोड वाटतो, परंतु नाक सुटणे आणि नाक सुटल्यासारखे वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात धरलेलेच नाही.

आपण श्वास आत घेतो तेव्हा नाकातील ओलसर अस्तरावरचे थोडे पाणी उडून जाते आणि अस्तर किंचित गार होते. नाकातून हवा खेळते आहे हे मेंदूला मुख्यतः या गारव्यावरून कळते. गारवा टिपण्याचे काम चेहऱ्याच्या त्रिशाखी मज्जातंतूच्या टोकांवरील एका प्रथिनाकडे असते, ज्याला टीआरपीएम8 असे नाव आहे. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणात बसवलेली एक झडप होय. तापमान साधारण पंचवीस अंशांच्या आसपास किंवा त्याखाली उतरले, की ती उघडते, सोडियम व कॅल्शियमचे धनभारित आयन पेशीत शिरतात, पेशीच्या आतला ऋण विद्युत्दाब कमी होतो आणि त्या बदलातून उठलेला संदेश मेंदूकडे धावतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी 2002 मध्ये ही झडप स्वतंत्रपणे शोधली. पुढे 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांवरील कामासाठी या दोघांना विभागून मिळाले. गंमत अशी, की ही झडप थंडीशिवाय पुदिन्यातील मेंथॉलनेही उघडते आणि त्याहून कमी जोराने निलगिरी तेलातील सिनिओलनेही उघडते. औषधी प्रतीच्या तेलात सिनिओलचा वाटा सत्तर टक्के किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे नाकातील हवा तेवढीच गरम असताना, सूज तशीच असताना, मेंदूला मात्र 'गार हवा भरपूर येते आहे' अशी बातमी पोहोचते. मेंथॉल हुंगवून नाकातील हवेचा अडथळा यंत्राने मोजला, तेव्हा माणसांना नाक मोकळे वाटले, पण अडथळा जवळजवळ तेवढाच राहिला. वाफेचा ओलावा आणि ऊब यांनी शेंबूड सैल होऊ शकतो, पण त्याचे श्रेय तेलाकडे जात नाही.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत कापूर, ओवा, लवंग आणि निलगिरीचे थेंब यांची पुरचुंडी हुंगल्याने रक्तातील प्राणवायू वाढतो, असा संदेश प्रत्येकाच्या मोबाइलवर आला होता, तोही याच भासावर उभा होता. श्वास मोकळा वाटतो आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा जागचा हलत नाही. अशा वेळी भासावर विसंबून रुग्णालय गाठायला उशीर करणे हाच खरा धोका होता.

भास निरुपद्रवी असता, तर काकूंच्या झाकणाला हरकत नव्हती. परंतु सिनिओलचा रेणू लहान व स्निग्धप्रेमी, म्हणजे चरबीत सहज मिसळणारा, असल्यामुळे तो श्वासातून, त्वचेतून आणि पोटातून सहज रक्तात उतरतो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. युरोपात औषध म्हणून सिनिओलच्या दोनशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूल मिळतात. घरातल्या चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर, म्हणजे सुमारे साडेचार ग्रॅम तेल मावते, आणि सत्तर टक्क्यांच्या हिशेबाने त्यात सोळाएक कॅप्सूलचे सिनिओल असते. लहान मुलाने एवढे तेल गिळल्यास गुंगी, उलट्या आणि झटके येऊ शकतात, तेही अनेकदा तासाभराच्या आत. तेल नुसते हुंगल्याने किंवा अंगाला चोळल्यानेही काही प्रौढांना झटके आल्याच्या नोंदी बेंगळुरूच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. म्हणून अपस्माराचा पूर्वेतिहास असलेल्या माणसाने हे तेल टाळलेलेच बरे, आणि दमा असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते हुंगू नये.

वाफाऱ्यासाठी मोठ्या माणसाने पातेले गॅसवरून उतरवून स्थिर जागी ठेवावे आणि पाण्यात एक-दोन थेंब टाकून डोळे मिटून वाफ घ्यावी. तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगते आणि वाफेबरोबर पहिल्या काही श्वासांतच बहुतेक उडून जाते. थेंब वाढवले तर वाढतो तो या पहिल्या श्वासांतला मारा. लहान मुलांना उकळत्या पाण्याजवळ बसवूच नये, कारण कलंडलेल्या पातेल्याने भाजणे हा तेलापेक्षाही मोठा अपघात आहे. दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाखाली किंवा छातीवर तेल लावल्यास त्याचा श्वास अडखळू शकतो. आंघोळीच्या बादलीतही तेल थेट टाकू नये. त्याचा तवंग जसाच्या तसा अंगाला चिकटतो आणि आग होते. अंगाला चोळायचे असल्यास तीस मिलिलिटर खोबरेलात दहा थेंब पुरेत, आणि तेही आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहावे. तेल पेट घेणारे आहे, हे देव्हाऱ्याजवळ किंवा शेगडीशेजारी बाटली ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. वर्षानुवर्षे उघडमीट झालेल्या बाटलीतील लिमोनीन व पायनीन ही तेलाची घटकद्रव्ये हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून त्वचेला अधिक झोंबतात, तेव्हा तीन पावसाळे पाहिलेली बाटली मुलाबाळांना लावण्याची काटकसर करू नये.

तेल डोळ्यात गेले, तर भरपूर पाण्याने धुवावे. कोणी ते गिळले, तर उलटी मुळीच करवू नये, कारण उलटीतले तेल श्वासनलिकेत उतरले की फुफ्फुसाला सूज येते. रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि जाताना ती बाटलीही सोबत घ्यावी. तिच्यावरचे जे बारीक अक्षर घरात कोणी वाचले नाही, ते डॉक्टरांना नक्की वाचता येते.