पाण्यातलं कंपन किती वेळ टिकतं आणि त्याची फ्रिक्वेन्सी किती वेळ टिकते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

अल्ट्राफास्ट इन्फ्रारेडबद्दल (अतिशय छोट्या इन्फ्रारेड पल्सनी रेणूंची कंपनं बघण्याची पद्धत) वाचायला लागलं की पाण्याबाबत 'सुमारे १ पिकोसेकंद' (सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाइतका वेळ) हा आकडा सारखा भेटतो, कधी लाइफटाइम (कंपनातली एनर्जी किती वेळ टिकते) म्हणून तर कधी हायड्रोजन बाँडची मेमरी (रेणू आपली सुरुवातीची फ्रिक्वेन्सी किती वेळ धरून ठेवतो) म्हणून, आणि आकडे जवळजवळचे असल्याने बरेच जण दोन्ही एकच समजून पुढे जातात. इथे थांबायलाच हवं, कारण एक आकडा एनर्जीचा आहे आणि दुसरा आजूबाजूच्या रेणूंच्या हालचालीचा.

वाद्याची तार छेडली की आवाज हळूहळू विरतो, ते लाइफटाइम. आणि वाजता वाजताच तार उतरत गेली, सूर मूळ जागेवरून सरकला, तर ते स्पेक्ट्रल डिफ्यूजन. आवाज विरला म्हणजे सूर सरकला असं होत नाही ना, तसंच इथे.

आता खरं पाणी घेऊ. प्रयोगात बऱ्याचदा भरपूर डी-टू-ओमध्ये (जड पाणी, यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम) थोडंसं एचओडी (एक हायड्रोजन, एक ड्यूटेरियम असलेला पाण्याचा रेणू) टाकतात, म्हणजे ओएच बाँड एकेकटे, लांब लांब राहतात. त्या ओएचचं स्ट्रेचिंग (बाँडचं लांब-आखूड होणं) साधारण ३४०० वेव्हनंबरला (फ्रिक्वेन्सी मोजायचं एकक) दिसतं, म्हणजे एक हेलकावा जेमतेम १० फेम्टोसेकंदांचा (१००० फेम्टोसेकंद म्हणजे १ पिकोसेकंद). शेजारच्या रेणूशी असलेला हायड्रोजन बाँड जितका घट्ट तितकी फ्रिक्वेन्सी खाली, सैल असेल तर वर, म्हणून पीक इतकं रुंद येतं. पण साध्या एफटीआयआरमध्ये (नेहमीचं इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेण्याची पद्धत) ही रुंदी दिसते तेवढीच, त्या रुंदीत प्रत्येक रेणू आपल्या जागी स्थिर आहे की क्षणाक्षणाला जागा बदलतोय हे त्यातून काही केल्या कळत नाही.

लाइफटाइम मोजायचं तर पंप-प्रोब. पहिल्या पल्सने ओएचला एनर्जी द्यायची, दुसऱ्याने थोड्या थोड्या वेळाने बघायचं की किती उरली. डी-टू-ओमधल्या एचओडीच्या ओएचला ती घालवायला सुमारे ०.७ पिकोसेकंद लागतात, उलटं करून साध्या पाण्यात थोडंसं एचओडी टाकून त्याचा ओडी बाँड बघितला तर १.८ च्या आसपास, आणि निव्वळ एच-टू-ओमध्ये तर साधारण ०.२ पिकोसेकंदातच काम संपतं. तिथे बेंडिंगचा (रेणूच्या कोनाच्या वाकण्याच्या कंपनाचा) ओव्हरटोन, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सी, स्ट्रेचच्या जवळ येतो, ३३०० च्या आसपास, त्यामुळे एनर्जीला उतरायला सोपी वाट मिळते.

खरी गोची पंप-प्रोबमध्येच आहे. पंप (पहिला पल्स) अरुंद असेल आणि प्रोबही (दुसरा पल्स) त्याच रंगाचा, म्हणजे त्याच फ्रिक्वेन्सीचा, तर सिग्नल भराभर पडतो आणि वाटतं लाइफटाइम फारच छोटं आहे. पण एनर्जी गेलेलीच नसते! शेजारचे रेणू हलले, हायड्रोजन बाँड सैल-घट्ट झाला, फ्रिक्वेन्सी सरकली आणि आपण जिथे बघतोय तिथून रेणू निघून गेला एवढंच, त्याच वेळी जरा बाजूच्या रंगाला सिग्नल वाढताना दिसतो.

म्हणून टूडी आयआर, म्हणजे दोन अक्षांवरचं इन्फ्रारेड चित्र, लागतं (१९९८ मध्ये हाम, लिम आणि हॉकस्ट्रासर यांनी पेप्टाइडवर करून दाखवलं ते). एका अक्षावर सुरुवातीची फ्रिक्वेन्सी, दुसऱ्यावर वेटिंग टाइमनंतरची (थोडा ठरावीक वेळ थांबल्यावरची). अगदी सुरुवातीला ठिपका कर्णावर लांबट असतो, म्हणजे प्रत्येक रेणू अजून आपल्याच फ्रिक्वेन्सीवर, आणि वेळ जाईल तसा तो गोलसर होत जातो. आकार बदलणं म्हणजे मेमरी जाणं, आणि ठिपक्याची एकूण तीव्रता घटणं म्हणजे लाइफटाइम. एकाच चित्रात दोन्ही, पण वेगवेगळ्या खुणांनी, मला तरी ही पद्धत याचसाठी फार सुंदर वाटते. एचओडीची मेमरी दोन टप्प्यांत जाते, पहिल्या काही दशांश पिकोसेकंदांत बरीचशी, ज्यात हायड्रोजन बाँडच्या ताणण्याचा १७० फेम्टोसेकंदांच्या आसपासचा हेलकावाही दिसतो, आणि उरलेली सुमारे १.४ पिकोसेकंदांत. हा शेवटचा टप्पा म्हणजे बाँडची नुसती थरथर नव्हे, जोडीदार बदलण्याचा काळ. लागे आणि हाइन्स यांनी २००६ मध्ये सिम्युलेशनवरून दाखवलं की तो बदल हळूहळू होत नाही, ओएच एकदम मोठा कोन झपकन वळून नवा जोडीदार धरतो.

निव्वळ पाण्यात आणखी एक गुंता आहे. तिथे मेमरी ५० फेम्टोसेकंदांतच जाते, पण त्यात एनर्जी एका रेणूवरून शेजारच्यावर उडी मारते त्याचाही हात असतो. एनर्जी पाण्यातच आहे, फक्त धनी बदलला.

आणि लाइफटाइम संपलं तरी सिग्नल शून्यावर येत नाही, हेही बघून ठेवा. एनर्जी उष्णता होऊन पसरते, हायड्रोजन बाँड जरा सैलावतात आणि स्पेक्ट्रम थोडा वर सरकलेला राहतो. हा गरम पाण्याचा सिग्नल आहे, त्याला मेमरीचा लांब टप्पा समजून फिट केलं की आकडा बिनदिक्कत चुकतो.

दोघांचा एकमेकांशी संबंध आहे तो एवढाच की कंपन जिवंत आहे तोवरच मेमरी बघता येते. म्हणून पाण्यासाठी बरेच जण ओएचऐवजी ओडी निवडतात, जरा जास्त वेळ मिळतो, आणि प्रथिनांमधल्या संथ हालचाली बघायच्या तर थायोसायनेटचं (प्रथिनाला खुणेसारखा जोडलेला छोटा गट) सीएन कंपन लावतात, त्याचं लाइफटाइम दहा-वीस पिकोसेकंदांच्याही पुढे जातं.