जुन्या कॉम्प्युटर-प्रिंटरची नेटवर्क जोडणी

वेगवेगळ्या कंपनीचे, वेगवेगळ्या काळातले कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच नेटवर्कवर आणून सगळ्यांकडून प्रिंट काढता येणं म्हणजे ही जोडणी. आर्वी, दारव्हा, मोर्शी अशा तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात, जिनिंगच्या काट्यावर हे नेहमीचं आहे, कारण चालतं मशीन कोणी फेकत नाही, मग एका टेबलावर जुनं विंडोज एक्सपी, दुसऱ्यावर विंडोज ७ आणि बाजूला पोरानं आणलेला नवा लॅपटॉप.

वायरीत विशेष काही नाही. आठ तारांची केबल, एक स्विच (सगळ्या केबली जिथं जुळतात तो डबा), १०० मीटरच्या आत अंतर, झालं. घोळ होतो तो मशीनी एकमेकांशी बोलतात त्या पद्धतीत. एक्सपीला फाइल-प्रिंटर शेअर करायची फक्त जुनी पद्धत येते, एसएमबी १, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसनं तिच्यातलंच भोक वापरून जगभर धुमाकूळ घातला. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये ती येतच नाही, म्हणून नवा लॅपटॉप एक्सपीवरच्या शेअरला जोडतच नाही आणि लोक बिचारे केबल बदलत बसतात. विंडोज फीचर्समधून ती चालू करता येते, पण त्याच नेटवर्कवर इंटरनेट असेल तर करू नये.

दुसरं दुखणं ०x००००११बी हा एरर. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर बऱ्याच ठिकाणी शेअर केलेले प्रिंटर या नंबरावर अडले. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) बदल करून तो जातो खरा, पण त्यानं सुरक्षा ढिली होते. त्यापेक्षा शेअरिंगच्या भानगडीत न पडता प्रिंटरलाच लॅनवर, म्हणजे दुकानातल्या नेटवर्कवर, स्वतःचा आयपी (पत्त्याचा नंबर) द्यावा आणि प्रत्येक मशीनवरून त्याच्या पोर्ट ९१०० ला (प्रिंट घ्यायचं त्याचं ठरलेलं दार) थेट प्रिंट पाठवावी, म्हणजे कोणाचं विंडोज कोणतं हा प्रश्नच उरत नाही, ज्याचा त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर) मिळाला की झालं. आयपी मात्र फिक्स करा, नाहीतर लाइन गेली, राउटर पुन्हा चालू झाला, नंबर बदलला की प्रिंटर ऑफलाइन दिसते.

नुसता यूएसबीवाला प्रिंटर असेल तर त्याला नेटवर्कवर आणणारा प्रिंट सर्व्हरचा छोटा डबा मिळतो, पण एचपी १०२० घेऊन तिथं फसू नका. हा प्रिंटर आपलं फर्मवेअर (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) साठवून ठेवत नाही, दर वेळी चालू झाला की कॉम्प्युटरनं ते पाठवावं लागते, आणि साध्या डब्याला ते जमत नाही. आता उन्हाळ्यात आपल्याकडं लाइन किती वेळा जाते ते सांगायला नको. त्याला एखाद्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकून कप्समधून (लिनक्सची प्रिंटिंग सिस्टीम) जोडलेलं बरं, तिथं फर्मवेअर आपोआप पाठवायची सोय करता येते, आणि विंडोजवाल्यांसाठी सांबा, म्हणजे लिनक्सवरून विंडोजशी शेअर करायचं सॉफ्टवेअर, आहेच, जे अँड्र्यू ट्रिजेलनं १९९२ च्या सुमारास सुरू केलं.

काट्याच्या, कृषी केंद्राच्या डॉसमधल्या (विंडोजच्या आधीची सिस्टीम) बिलिंगला आयपी वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त एलपीटी१, म्हणजे प्रिंटरचं जुनं पोर्ट, माहीत. तिथं विंडोजच्या नेट यूज कमांडनं एलपीटी१ नेटवर्कवरच्या डॉट मॅट्रिक्सकडं वळवायचा, प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.