दुहेरी पात्रता आणि औषधांचा खर्च : मेडिकेअर व मेडिकेड

अमेरिकेत ज्या व्यक्तीकडे मेडिकेअर आणि मेडिकेड हे दोन्ही सरकारी आरोग्यविमे असतात, तिला दुहेरी पात्र म्हणतात. असे लोक एक कोटीहून अधिक आहेत. त्यांत ६५ च्या पुढचे, तुटपुंज्या उत्पन्नाचे वृद्ध जास्त. उरलेले बहुतेक अपंगत्वामुळे मेडिकेअर मिळालेले. त्यांच्या औषधांचा नियम तसा सरळ आहे. दुकानातून घ्यायच्या औषधांचे पैसे मेडिकेअरचा ‘पार्ट डी’ देतो, मेडिकेड देत नाही. तरी हा नियम कोणी नीट समजावून न सांगितल्यामुळे औषधाविना घरी परतण्याची वेळ येऊ शकते.

दोन्ही योजना एकाच कायद्यातून जन्मल्या. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी त्यावर सही केली. मेडिकेअर केंद्र सरकारची, वय वा अपंगत्वावर मिळणारी. मेडिकेड केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, ती उत्पन्न पाहून मिळते. मूळच्या मेडिकेअरमध्ये घरी घ्यायच्या गोळ्यांना जागाच नव्हती. त्यामुळे चाळीस वर्षे गरीब वृद्धांची औषधे मेडिकेडच पुरवत होते. डिसेंबर २००३ च्या कायद्याने पार्ट डी आणला आणि १ जानेवारी २००६ या एका दिवसात सुमारे ६० लाख दुहेरी पात्र लोकांची औषधे मेडिकेडकडून खासगी कंपन्यांच्या पार्ट डी योजनांकडे गेली. कित्येकांची नावे दुकानांतल्या संगणकांवर दिसेनात, काहींकडे शेकडो डॉलर मागितले गेले. अनेक राज्यांनी तेव्हा स्वतःच्या तिजोरीतून औषधे दिली. आजच्या बऱ्याच संरक्षक तरतुदी त्या जानेवारीतल्या हालांतून आल्या आहेत.

मग मेडिकेडचा उपयोग काय? मेडिकेड ही इथे किल्ली आहे. ते मिळाले की ‘एक्स्ट्रा हेल्प’ नावाची केंद्रीय सवलत अर्ज न करता आपोआप लागू होते. हप्ता ठरावीक मर्यादेत असलेली योजना घेतली तर तो भरावा लागत नाही, वार्षिक वजावट (विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी स्वतः भरायची रक्कम) नाही, आणि दर औषधामागे थोडीशी रक्कम, म्हणजे कोपे, भरावी लागते. २०२५ मध्ये ती जेनेरिकसाठी जास्तीत जास्त ४.९० डॉलर आणि ब्रँडच्या औषधासाठी १२.१५ डॉलर होती. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या आत असलेल्या दुहेरी पात्रांना १.६० आणि ४.८० डॉलर. नर्सिंग होममध्ये, म्हणजे दीर्घकाळ शुश्रूषा देणाऱ्या निवासी संस्थेत, मेडिकेडवर राहणाऱ्यांना शून्य. दुकानात कोणी याहून जास्त मागत असेल, तर बहुधा संगणकातली नोंद चुकलेली असते. ती दुरुस्त करून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे.

काउंटरवर नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. आजी पर्समधून मेडिकेअरचे लाल-पांढरे-निळे कार्ड काढतात. औषधांच्या बिलासाठी ते पुरत नाही. लागते ते पार्ट डी योजनेचे कार्ड. ते सापडले नाही तर फार्मसिस्ट संगणकावर ‘ई-१’ नावाची चौकशी करू शकतो आणि योजना कोणती ते शोधू शकतो. अजून कोणतीच योजना मिळालेली नसेल, तर ‘लाय-नेट’ या तात्पुरत्या योजनेच्या नावे त्याच क्षणी बिल लावता येते. रुग्णाला ती थोड्या काळापुरती मिळते, पण ही सोय २०२४ पासून कायमची झाली आहे. योजनेच्या नोंदीत मेडिकेड दिसतच नसेल, तर मेडिकेडचे पत्र किंवा कार्डाची प्रत पुरावा म्हणून द्यावी. तो पुरावा स्वीकारून कोपे कमी करणे योजनेवर बंधनकारक आहे. रांगेत मागे चार माणसे ताटकळत असताना हे सगळे मागायला धीर लागतो, म्हणून सोबत कोणी असलेले बरे.

सरकार ही माहिती रंगीत कागदावरच्या पत्रांनी कळवते, आणि ही युक्ती खरोखर उपयोगी आहे. जांभळे पत्र म्हणजे एक्स्ट्रा हेल्प आपोआप मिळाली. पिवळे म्हणजे एखाद्या योजनेत नाव घातले गेले. निळे म्हणजे पुढच्या वर्षी योजना बदलणार. करडे म्हणजे सवलत आपोआप मिळणे थांबणार. जाहिरातींच्या ढिगाबरोबर ही पत्रे फेकली जाऊ नयेत. योजनेत नाव घालताना रुग्ण कोणती औषधे घेतो हे पाहिले जात नाही. निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. म्हणून पिवळे पत्र आले की त्या योजनेची औषधयादी, म्हणजे फॉर्म्युलरी, आपल्या गोळ्यांशी ताडून पाहावी. जुळत नसेल तर २०२५ पासून दर महिन्याला फक्त औषधांच्या स्वतंत्र योजनेत जाता येते.

यादीबाहेरच्या औषधासाठीही वाट आहे. नव्या योजनेत पहिल्या ९० दिवसांत चालू औषधाचा किमान एक महिन्याचा साठा मिळतो. तेवढ्यात डॉक्टरांकडून अपवादाची मागणी करावी. डॉक्टरांचे कारणासह पत्र पोचल्यावर योजनेने ७२ तासांत उत्तर द्यायचे असते, जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असेल तर २४ तासांत. मात्र औषध यादीत नाही म्हणून मेडिकेड ती जागा भरून काढत नाही. हे अनेकांना पटत नाही.

कायद्यानेच पार्ट डीबाहेर ठेवलेल्या औषधांची गोष्ट वेगळी. चिठ्ठीविना मिळणारी औषधे, बहुतेक जीवनसत्त्वे, निव्वळ खोकला-सर्दीच्या लक्षणांवरची औषधे यांचे पैसे राज्याचे मेडिकेड देऊ शकते. कोणती ते राज्यागणिक बदलते. दवाखान्यात शिरेतून दिलेले औषध किंवा पंपातून जाणारे इन्सुलिन मेडिकेअरच्या ‘पार्ट बी’मध्ये, म्हणजे दवाखान्यातल्या उपचारांच्या भागात, येते, आणि तिथे रुग्णाच्या वाट्याचे २० टक्के सहसा मेडिकेड उचलते.

मेडिकेडच्या वार्षिक नूतनीकरणाचा अर्ज राहून गेला तरी औषधे लगेच तुटत नाहीत. मेडिकेड जुलै किंवा त्यानंतर चालू असेल, तर एक्स्ट्रा हेल्प पुढच्या वर्षाअखेरपर्यंत टिकते. त्याआधी गेले तर त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत.

मुलांकडे ग्रीन कार्डावर गेलेल्या मराठी आईवडिलांचा या विषयाशी थेट संबंध येतो. अमेरिकेत नोकरी न केलेल्यांना ६५ नंतर मेडिकेअर विकत घेण्यासाठी सलग पाच वर्षे कायम रहिवासी असावे लागते, आणि मेडिकेडसाठीही बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची अट आहे. भारतात घेतलेल्या औषधांचे पैसे पार्ट डी देत नाही. शिवाय अमेरिकेतल्या दुकानांच्या संगणकाला ‘ग्लायकोमेट’ किंवा ‘थायरोनॉर्म’ ही नावे कळत नाहीत. मेटफॉर्मिन आणि लिव्होथायरॉक्सिन अशी मूळ नावे, मात्रेसह, एका कागदावर लिहून नेली तर फॉर्म्युलरीत शोधता येतात. योजनेच्या फोनवर विनामूल्य दुभाषी मागता येतो. आपली भाषा सांगताना ‘हिंदी’ न म्हणता ‘मराठी’ म्हणावे.