अधिवेशनवार्ता : अमेरिकेतील राज्य सिनेटरचा मतदारसंघाशी संपर्क

राज्य विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना सिनेटरने आपल्या मतदारसंघातील रहिवाशांना विधेयके, सुनावण्या, अर्थसंकल्प आणि स्वतः दिलेली मते यांची माहिती वेळच्या वेळी पोचवण्याची अमेरिकेतील प्रथा. ई-मेलने जाणारे साप्ताहिक किंवा पाक्षिक वार्तापत्र हे तिचे मुख्य साधन. जोडीला मतदारसंघातील जाहीर सभा, दूरध्वनी सभा, छोट्या चित्रफिती आणि छापील पत्रक असते. या नोंदीत मुख्य उदाहरण वॉशिंग्टन राज्याचे घेतले आहे. हे पॅसिफिक किनाऱ्यावरचे, सिअ‍ॅटल शहराचे राज्य. देशाची राजधानी वॉशिंग्टन डी.सी. वेगळी. या राज्याची राजधानी ऑलिंपिया.

नावाचा आणखी एक घोळ आधीच मिटवलेला बरा. सिनेटर म्हटले की बहुतेकांना राष्ट्रीय संसदेतले १०० सिनेटर आठवतात. राज्य सिनेटर त्यांच्याहून वेगळा. तो राज्याच्या विधिमंडळातील वरिष्ठ सभागृहाचा सदस्य असतो. तरीही त्याची तुलना महाराष्ट्राच्या विधानपरिषदेतील आमदाराशी करता येत नाही, कारण राज्य सिनेटर ठरावीक भौगोलिक मतदारसंघातून थेट लोकांच्या मतांनी निवडून येतो. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांत दोन सभागृहे आहेत. नेब्रास्कात १९३७ पासून एकच सभागृह असून त्याच्या ४९ सदस्यांनाही सिनेटरच म्हणतात. मतदारसंघांच्या आकारात प्रचंड तफावत आहे. कॅलिफोर्नियात ४० सिनेटर, म्हणजे एकामागे जवळजवळ १० लाख लोक. टेक्ससमध्ये ३१, एकामागे नऊ लाखांहून जास्त. नॉर्थ डकोटात मात्र एका सिनेटरमागे सोळा-सतरा हजारच. वॉशिंग्टन राज्यात ४९ मतदारसंघ आहेत आणि २०२०च्या जनगणनेनुसार प्रत्येकात सुमारे १ लाख ५७ हजार लोक आहेत. त्या प्रत्येकातून एक सिनेटर आणि कनिष्ठ सभागृहाचे दोन प्रतिनिधी निवडले जातात. म्हणून तिथे वार्तापत्रे वेगवेगळी निघाली तरी सभा बहुधा तिघांची मिळून होते.

या संपर्काला वजन येते ते मतदानाच्या पद्धतीमुळे. भारतात १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराचे सदस्यत्व धोक्यात येते. अमेरिकेत असा कायदा नाही. पक्षाचा दबाव असतो, पण सिनेटर पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि देतोही. वॉशिंग्टनमध्ये विधेयकाच्या अंतिम मंजुरीला नावानिशी मतदान लागते आणि ४९पैकी २५ मते पडल्याशिवाय ते पुढे सरकत नाही. हजर किती यावर हा आकडा हलत नाही. चुरशीच्या विधेयकावर दोन-तीन सिनेटर कुंपणावर असतील, तर त्यांच्या मतदारसंघातून आलेल्या पत्रांना खरोखर किंमत असते. आपल्याकडचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना तिथे नाही. लोकांचे म्हणणे समितीच्या सुनावणीत आणि सिनेटरच्या टपालात येते.

वेळापत्रक

चांगले अधिवेशनवार्तापत्र तारखांभोवती रचलेले असते, कारण अधिवेशने छोटी असतात. वॉशिंग्टनमध्ये विषम वर्षी १०५ आणि सम वर्षी ६० दिवस, सुरुवात जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी. युटात ४५ दिवस. टेक्ससमध्ये दर विषम वर्षी १४० दिवस, सम वर्षी नियमित अधिवेशनच नाही. या मर्यादेत काम उरकावे म्हणून सभागृहे आपसांत अंतिम मुदती ठरवतात. त्यांना तिथे सरळ ‘कटऑफ’ म्हणतात. मुदतीत पुढच्या पायरीवर न गेलेले विधेयक त्या वर्षापुरते मेलेले समजले जाते.

वॉशिंग्टनचे २०२५चे अधिवेशन १३ जानेवारीला सुरू झाले. मूळ सभागृहातील, म्हणजे विधेयक जिथे मांडले त्या सभागृहातील, धोरण समित्यांची मुदत २१ फेब्रुवारी होती आणि खर्चाशी संबंधित समित्यांची २८ फेब्रुवारी. मूळ सभागृहाने विधेयक मंजूर करण्याची मुदत १२ मार्च. त्यानंतर दुसऱ्या सभागृहात हीच साखळी पुन्हा : २ एप्रिल, ८ एप्रिल, १६ एप्रिल, आणि २७ एप्रिलला समाप्ती. म्हणजे धोरण समितीसमोर बोलायचे असेल तर अधिवेशनाचे पहिले चाळीस दिवसच हातात. मार्चमध्ये ‘या विधेयकावर तुमचे मत कळवा’ असे लिहिणारे पत्र बऱ्याच विधेयकांच्या बाबतीत वरातीमागून आलेल्या घोड्यासारखे असते. अर्थसंकल्प राबवण्यासाठी आवश्यक मानलेल्या विधेयकांना मुदतींतून सूट मिळते, आणि ‘मेलेले’ विधेयक कधी कधी या दाराने परत येते. म्हणून अनुभवी कार्यालये ‘विधेयक मेले’ असे ठामपणे छापत नाहीत, ‘मुदतीत पुढे गेले नाही’ असे लिहितात.

मुदतीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या ठोक्याआधी चर्चेला घेतलेले विधेयक नंतरही पूर्ण करता येते. त्यामुळे पाचला काही मिनिटे उरली असताना प्रत्येक सभागृह एखादे वजनदार, वादग्रस्त विधेयक हाती घेते आणि चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते. त्याला ‘फाइव्ह ओ’क्लॉक बिल’ असेच नाव पडले आहे. त्या दिवशीचे पत्र दुपारी तयार करून ठेवणाऱ्या सहायकाला रात्री ते नव्याने लिहावे लागते.

वार्तापत्रात काय असते

सर्वांत उपयोगी भाग म्हणजे येत्या आठवड्यातील सुनावण्या : विधेयकाचा क्रमांक, एका वाक्यात विषय, समिती, दिवस, वेळ आणि नाव नोंदवण्याचा दुवा. वॉशिंग्टनमध्ये नोंदणी सुनावणीच्या एक तास आधी बंद होते. प्रत्यक्ष किंवा दूरस्थ बोलता येते, लेखी निवेदन देता येते, किंवा नुसते ‘बाजूने’, ‘विरोधात’ अथवा ‘इतर’ एवढे नोंदवता येते. लेखी निवेदन सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत घेतले जाते. या शेवटच्या सोयीचा उल्लेख पत्रांतून वारंवार गळतो, आणि नोंदणी हुकलेला माणूस संधी गेली असे समजून गप्प बसतो. बोलायला प्रत्येकी एक-दोन मिनिटेच मिळतात, तेव्हा पहिल्या वाक्यात नाव, गाव आणि बाजू सांगा, हा सल्लाही पत्रात असावा.

करोनाकाळातील २०२१चे अधिवेशन बहुतांशी दूरस्थ पद्धतीने झाले आणि दूरस्थ साक्षीची सोय त्यानंतरही राहिली. राज्याच्या पूर्व भागाला तिचा सर्वाधिक लाभ. स्पोकेनहून ऑलिंपिया सुमारे ५०० किलोमीटर. जानेवारी-फेब्रुवारीत मधल्या कॅस्केड पर्वतातील घाट बर्फाने बंद पडतात, आणि तो सारा प्रवास दोन मिनिटांच्या साक्षीसाठी.

दुसरा भाग अर्थसंकल्पाचा. राज्यात तीन अर्थसंकल्प असतात : चालू खर्चाचा, बांधकामांचा आणि वाहतुकीचा. ते दोन वर्षांसाठी असतात, आणि ही दोन वर्षे विषम वर्षाच्या १ जुलैला सुरू होतात. स्थानिक दवाखाना, पूल, शाळेची दुरुस्ती ही कामे बांधकामांच्या आणि वाहतुकीच्या अर्थसंकल्पात सापडतात, आणि वाचकाला रस त्यांतच असतो. इथे सिनेटर श्रेय घ्यायला हात लांब करतो. ‘मी आणले’ आणि ‘प्रस्तावित यादीत आहे’ यांतला फरक वाचकाने स्वतः तपासावा, कारण सिनेटची यादी, कनिष्ठ सभागृहाची यादी आणि अंतिम तडजोड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा भाग स्वतःच्या मताचा खुलासा. आठवड्यात सभागृहात डझनावारी मतदाने होतात. त्यांतली दोन किंवा तीन निवडून, विरोधी बाजूचा मुद्दाही मान्य करून, मत का दिले ते लिहिणे ही चांगली रीत. प्रत्यक्षात हा भाग पुष्कळदा पक्षगटाच्या संपर्क विभागाने तयार केलेल्या साच्यातून येतो, आणि शेजारच्या दोन मतदारसंघांची पत्रे ताडून पाहिली की सारखी वाक्ये सापडतात. मूळ चर्चा पाहायची असेल तर ‘टीव्हीडब्ल्यू’ ही ना-नफा वाहिनी १९९५ पासून सभागृहांचे कामकाज दाखवते. पत्रात नेमक्या मिनिटाचा दुवा दिला तर वाचक खरोखर पाहतो. तीन तासांच्या चित्रफितीचा दुवा कोणी उघडत नाही.

कुठे चुकते

‘विधेयक मंजूर झाले’ हे वाक्य सर्वाधिक गोंधळ घालते. समितीत, सिनेटमध्ये, की दोन्ही सभागृहांत? मंजुरीनंतरही राज्यपालांची सही उरते. समितीतून सुटलेले विधेयक आधी नियम समितीकडे जाते. तिथे अनेक विधेयके कोणी विरोध न करताही अडकून पडतात, कारण सभागृहाच्या कामकाजात कोणते घ्यायचे ते ही समिती ठरवते. या टप्प्यात सुनावणी नसते. तेव्हा वार्तापत्राने लोकांना समितीला साक्ष द्यायला न सांगता आपल्या सिनेटरला निरोप द्यायला सांगितले पाहिजे.

विधेयकाचा क्रमांक तोच राहून आतला मजकूर सगळा बदलू शकतो. शीर्षकाखालचे सर्व काही काढून नवा मजकूर घालणाऱ्या दुरुस्तीला तिथे ‘स्ट्रायकर’ म्हणतात. सिनेटची विधेयके ५००० पासून पुढे आणि कनिष्ठ सभागृहाची १००० पासून पुढे क्रमांकित होतात. समितीने बदलले की मागे ‘सब्स्टिट्यूट’, सभागृहाने दुरुस्ती केली की ‘एन्ग्रॉस्ड’ ही बिरुदे चिकटतात. चार आठवड्यांपूर्वी पत्रात दिलेला सारांश आजच्या विधेयकाला लागू असेलच असे नाही, म्हणून प्रत्येक उल्लेखाबरोबर आवृत्ती लिहावी. शिवाय एकच विषय दोन्ही सभागृहांत जोड-विधेयकांच्या रूपाने चालतो. एक थांबले तरी दुसरे जिवंत असते.

पत्त्यांच्या याद्याही जुन्या होतात. मतदारसंघांच्या सीमा बदलल्या की हजारो लोक रातोरात दुसऱ्या सिनेटरचे होतात. वॉशिंग्टनमध्ये हे २०२४ साली संघीय न्यायालयाच्या आदेशाने याकिमा खोऱ्याच्या परिसरात झाले. पत्रावर मतदारसंघाचा क्रमांक आणि ‘तुमचा मतदारसंघ तपासा’ असा दुवा म्हणूनच ठेवतात.

लोकांकडून येणारे निरोप

कार्यालयात कायम सहायक आणि अधिवेशनापुरता एखादा मदतनीस अशी मोजकीच माणसे असतात. आलेले प्रत्येक ई-मेल आणि फुकट दूरध्वनी-सेवेवरून आलेला प्रत्येक निरोप विधेयक-क्रमांक आणि बाजू यांनुसार नोंदवला जातो, आणि सिनेटरच्या हाती आठवड्याचा गोषवारा पडतो. त्यात घरचा पत्ता नसलेले पत्र बाजूला राहते, कारण ते मतदारसंघातले आहे की नाही तेच कळत नाही. एखाद्या संघटनेच्या संकेतस्थळावरून बटण दाबून पाठवलेली एकसारखी पाचशे पत्रे एका ओळीत मोजली जातात. दहा वाक्यांचे स्वतः लिहिलेले पत्र मात्र वाचले जाते, विशेषतः त्यात कायद्याचा आपल्या दुकानावर, शाळेवर किंवा पगारावर होणारा नेमका परिणाम असेल तर.

‘कॉन्स्टिट्युअंट’ म्हणजे मतदारसंघातला कोणताही रहिवासी, फक्त मतदार नव्हे, हे सिअ‍ॅटलजवळच्या रेडमंड, बॉथेल, बेलव्ह्यू भागातील मराठी कुटुंबांच्या कामाचे आहे. मतदारसंघ एकूण लोकसंख्येवर आखले जातात. एच-१बी व्हिसावर असलेला रहिवासी मत देऊ शकत नाही, आणि संघीय कायद्यानुसार त्याला प्रचाराला देणगीही देता येत नाही. पण सुनावणीत बोलण्यास, बाजू नोंदवण्यास आणि सिनेटरच्या कार्यालयाकडे गाऱ्हाणे नेण्यास त्याला आडकाठी नाही.

लोकांच्या पत्रांनी काय होऊ शकते ते फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसले. विधिमंडळाला सार्वजनिक अभिलेख कायद्यातून (आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा कायदा) मोठ्या प्रमाणात सूट देणारे विधेयक मांडल्यापासून ४८ तासांत दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. राज्यातील वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर अग्रलेख छापले, हजारो फोन आणि ई-मेल आले, आणि राज्यपाल जे इन्स्ली यांनी आठवडाभरातच त्यावर नकाराधिकार वापरला. डिसेंबर २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सदस्यांच्या कार्यालयांना हा कायदा लागू असल्याचा निर्णय दिला. परिणामी सिनेटरला लिहिलेले पत्र उद्या माहिती मागवणाऱ्याच्या हाती पडू शकते. आजारपण किंवा कोर्टकचेरी असे खाजगी तपशील लिहिताना हे ध्यानात ठेवावे.

बंधने

सरकारी पैशाने निघणाऱ्या पत्रात निवडणूक प्रचार, देणगीचे आवाहन किंवा प्रतिस्पर्ध्याचा उल्लेख चालत नाही. म्हणून सिनेटर दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळी खाती आणि दोन वेगळी संकेतस्थळे ठेवतो, आणि घोटाळा होतो तो नेमका याद्यांची सरमिसळ झाली की. निवडणुकीच्या वर्षात घाऊक पत्रांवरची बंधने आणखी कडक होतात. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये प्रस्ताव ७३ संमत करून सरकारी खर्चाने पाठवल्या जाणाऱ्या घाऊक पत्रांवर बंदीच आणली. त्याच राज्याने २०१६च्या प्रस्ताव ५४ने विधेयकाचा अंतिम मजकूर मतदानाआधी ७२ तास जाहीर ठेवणे सक्तीचे केले. समाजमाध्यमांवर टीकाकाराला ‘ब्लॉक’ करता येते का, याची कसोटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या लिंडकी विरुद्ध फ्रीड खटल्यात घातली : पदाधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा खरा अधिकार होता का, आणि त्या नोंदीत तो अधिकार वापरत असल्याचे त्याने दाखवले का.

समाप्तीनंतर

शेवटच्या दिवशी ऑलिंपियात दोन्ही सभागृहांची दारे उघडतात आणि दोन्ही पीठासीन अधिकारी एकाच क्षणी हातोडा आपटतात. वार्तापत्राचे काम तिथे संपत नाही, उलट याच टप्प्यावर बरीच कार्यालये ढिली पडतात. अधिवेशनाच्या अखेरीस हाती आलेल्या विधेयकांवर निर्णय घ्यायला राज्यपालांना रविवार वगळून २० दिवस असतात, आणि ते काही कलमे ठेवून बाकीची रद्दही करू शकतात. तातडीचे कलम नसलेला कायदा समाप्तीनंतर ९० दिवसांनी लागू होतो. त्यामुळे शेवटचे पत्र समाप्तीच्या रात्री न पाठवता सह्यांची मुदत संपल्यावर पाठवावे, आणि त्यात प्रत्येक कायद्यापुढे तो कोणत्या तारखेपासून लागू होणार ते लिहावे.