पपायरसवरील निमंत्रणपत्रे

पपायरसवरील निमंत्रणपत्रे : रोमन अमलाखालील ईजिप्तमध्ये भोजनाचे आमंत्रण देण्यासाठी लिहिलेल्या ग्रीक भाषेतील छोट्या चिठ्ठ्या. उपलब्ध चिठ्ठ्यांपैकी बहुतेक ऑक्सिरिंकस (आजचे अल्-बह्नसा, कैरोच्या दक्षिणेस सु. १६० किमी.) या नगराच्या उकिरड्यांत सापडल्या. बर्नर्ड ग्रेनफेल व आर्थर हंट या ब्रिटिश पपायरस-अभ्यासकांनी १८९६-९७ च्या हिवाळ्यात तेथे उत्खनन सुरू केले. तेथील पपायरसांच्या त्यांनी १८९८ साली काढलेल्या पहिल्या खंडातच अशा काही चिठ्ठ्या छापल्या गेल्या.

पपायरस म्हणजे नाईलकाठच्या एका लव्हाळ्याच्या देठातील गराच्या पट्ट्या उभ्याआडव्या रचून, दाबून व वाळवून केलेला लेखनपट. नाईलचे गढूळ पाणीच डिंकाचे काम करते, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. वनस्पतीच्या रसामुळेच थर चिकटतात, हे मत आज अधिक ग्राह्य मानले जाते. आमंत्रणाला तळहाताहून लहान तुकडा पुरत असे.

मजकुराचा साचा जवळजवळ ठरलेला असे : यजमानाचे नाव, ‘जेवायला येण्याची विनंती करतो’, निमित्त, स्थळ, तिथी आणि वेळ. हेराइस नावाची स्त्री आपल्या मुलांच्या लग्नाच्या जेवणाला ‘उद्या, म्हणजे ५ तारखेला, नवव्या तासापासून’ आपल्या घरी बोलावते. दिवस सूर्योदयापासून बारा भागांत मोजत, त्यामुळे नववा तास दुपारी तीनच्या सुमारास येतो. मुलीचा पहिला वाढदिवस आणि मुलाची सामाजिक दर्जा ठरविणारी तपासणी हीही निमित्ते आढळतात. पाहुण्याचे नाव मात्र सहसा नसते. निरोप्या घरोघरी जाऊन तोंडी आवतण देई व चिठ्ठी दाखवी किंवा ठेवून जाई, असा तर्क केला जातो. नाव गाळल्याने एकच मजकूर सर्वांना चालत असे. आमंत्रण बहुधा आदल्या दिवशी, क्वचित त्याच दिवशी दिले जाई. तेव्हा ते बेत कळविण्यापेक्षा आठवण देण्यासाठी असावे असे वाटते.

चिठ्ठ्यांवर महिन्याची तिथी असली तरी वर्ष नसते. त्यामुळे काळ ठरविण्यासाठी अक्षरवळणावर विसंबावे लागते, आणि त्यात पन्नास-शंभर वर्षांचा फरक सहज पडू शकतो. बहुतेक चिठ्ठ्या इ. स. च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतील मानतात. काही चौथ्या शतकापर्यंत खाली आणल्या जातात.

सर्वाधिक चर्चा झाली ती ‘प्रभू सारापिसच्या क्लिने’चे आमंत्रण देणाऱ्या चिठ्ठ्यांची. सारापिस हा ग्रीक-ईजिप्शियन देव. क्लिने म्हणजे जेवताना रेलण्याचा मंचक, आणि त्यावरून जेवणाची पंगतही. कायरेमोन नावाचा यजमान सारापिसच्या मंदिरात, तर अँटोनियस हा एका खाजगी घरी अशी पंगत घालतो. अभ्यासक मिल्न यांनी १९२५ मध्ये या भोजनांचे स्वरूप मुख्यतः सामाजिक मानले. हर्बर्ट यूटी यांनी १९४८ मध्ये ती धार्मिक असल्याचा पक्ष मांडला. पुढे १९६७ मध्ये कोलोन येथील संग्रहातील एक चिठ्ठी प्रसिद्ध झाली. तीत यजमान माणूस नसून ‘देव’ स्वतःच थोएरिस देवीच्या मंदिरातील पंगतीला बोलावतो. दुसऱ्या शतकातील वक्ता एलिअस अरिस्टायडिस यानेही सारापिस हा एकाच वेळी पाहुणा व यजमान असतो असे म्हटले आहे. त्यामुळे यूटी यांचे मत बळावले. तथापि सारापिसचे मंदिर वाढदिवसाच्या जेवणालाही वापरले जात होते. मंदिरांतील भोजनगृहे आजच्या मंगल कार्यालयांसारखी घेतली जात असावीत, त्यामुळे देवाचा मान व सोयऱ्याधायऱ्यांचा मेळावा यांची फारकत करणे अवघड आहे. मूर्तिपूजकाच्या घरी जेवावे की नाही, ही ग्रीसमधील करिंथ नगराच्या ख्रिस्ती मंडळीला पडलेली अडचण (पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ८ व १०) या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते.

साच्याबाहेरची आमंत्रणेही आहेत. ती रीतसर पत्रेच होत. पेटोसिरिस हा सेरेनिया नावाच्या बाईंना देवाच्या जन्मोत्सवासाठी २० तारखेला या असे लिहितो आणि नावेने येणार की गाढवावरून ते कळवा, म्हणजे आणायला पाठवतो, असेही विचारतो. विसरू नका, असे बजावायलाही तो चुकत नाही. अशा पत्रांतून जिव्हाळा दिसतो. चिठ्ठ्यांतून केवळ शिष्टाचार.

ईजिप्तबाहेर असे साहित्य विरळ आहे, कारण दमट हवेत पपायरस टिकत नाही. ब्रिटनमधील विंडोलांडा या रोमन लष्करी ठाण्यावर मिळालेले, इ. स. १०० च्या आसपासचे क्लॉडिया सेव्हेराचे निमंत्रण पातळ लाकडी पट्टीवर, लॅटिनमध्ये आहे. ती सुल्पिकिया लेपिडिना हिला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावते. मजकूर लेखनिकाचा असला तरी शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत.